चालत्या कॉम्प्युटरला नवं व्हर्जन

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
मोठ्या कंपनीची मेल आली. ऑडिट शुक्रवारी, २१ ला. अठरा दिवस.
चौदा वर्षं बुश, म्हणजे गाड्यांत बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, मी बनवतो आणि क्रेटवर लेबल अण्णासाहेबांच्या कंपनीचं. शेजारची शेड त्यांची. आमचा माल त्यांच्या टेम्पोतून, त्यांच्या नावानं मोठ्या कंपनीत जातो. गाड्या रस्त्यावर धावतात, पण त्यांच्या पोटात कुरुळीचा चिमाजी फिरतोय हे कुणाला ठाऊक नाही. ऑडिट पास झालं की माल थेट जाणार. लेबलवर माझं नाव.
निश्चय: अठरा दिवस, चालू असलेल्या कशालाही हात लावायचा नाही. भिंतीवर पाटीच आहे तशी. मीच लावलेली.
आज दारात बूट काढतानाच ऐकू आलं की तीन नंबरच्या मशीनची कापायची टिप गेलीय. थांबवून पाहिलं तर गेलेलीच. ऑपरेटर म्हणाला, शेठ, कान आहेत का मायक्रोमीटर! खरं आहे. मी कानावर उभा राहिलेला माणूस. शिक्षण नंतर मिळेल तसं घेतलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ८
फाट्यावर चहाला थांबलो होतो. कंपनीच्या बसची वाट बघत दोन पोरं उभी. माझी पाठ त्यांच्याकडे, कान त्यांच्याकडे. चष्मेवाल्याचं नाव केयूर. दुसऱ्याला म्हणत होता, भावा, स्टेबल व्हर्जन आजोबांना टाकून द्यायचं, मी डायरेक्ट डेव्हलपमेंटवर असतो, जगात काय नवीन आलं की आधी माझ्याकडं. दुसरा म्हणाला, राव, पण ते — आणि बस आली.
पुढचं राहिलं. पण मुद्दा कळला होता.
शेडवर येऊन सदाशिवला विचारलं, आपल्या कॉम्प्युटरवर कुठलं व्हर्जन आहे. सदाशिव आमचा डिस्पॅच बघतो. वय एकसष्ट, एका बोटानं टाईप करतो, लेबलं तोच छापतो. म्हणाला, चालतंय ते.
मी स्वतः पाहिलं. स्टेबल. दोन वर्षांपूर्वीचं.
दिवसभर चैन नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी
सुमेधाला फोन केला. माझी भाची, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे. ही सिस्टीम तिनंच बसवून दिली. लॉट नंबर टाकला की लेबल निघतं. पुन्हा कधी तोच नंबर टाकला की कुठल्या पोलादी बारचा माल, कुठल्या मशीनवर, कुणी तपासला, सगळं समोर. ऑडिटमध्ये हेच बघतात.
म्हणाली, मामा, त्रास काय होतोय? मी म्हणालो, काहीच नाही. म्हणाली, मग? मी म्हणालो, म्हातारं झालंय ते. म्हणाली, स्टेबल म्हणजे म्हातारं नव्हे, स्टेबल म्हणजे तपासून पास झालेलं. डेव्हलपमेंट म्हणजे अजून ट्रायल पीस. तुम्ही ट्रायल पीस डिस्पॅचमध्ये टाकता का?
उदाहरण चांगलं होतं. माझ्याच धंद्यातलं.
ठरलं: ऑडिटनंतर बघू. विषय संपला.

बुधवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी ६
विषय संपला असं वर लिहिलंय. फक्त माहिती म्हणून एक व्हिडिओ पाहिला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
अण्णासाहेब आले होते. त्यांच्या शेडमध्ये भिंतीएवढा स्क्रीन बसवलाय, कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, हिरवं-लाल दिसतं. मला आत न जाता बाहेरून आवाजानं कळतं, पण आवाज पाहुण्यांना दाखवता येत नाही.
आमच्या कॉम्प्युटरकडं बघून हसले. म्हणाले, काय चिमाजीराव, तेच का अजून? असू द्या, तुमचं काम छोटं, तुम्हाला पुरतंय.
पुरतंय!
अपग्रेड करायचं ठरवलं. अण्णासाहेबांमुळे नव्हे. ऑडिटर विचारेल, लेटेस्ट आहे का? मग काय सांगू, भाची नको म्हणाली?

सोमवार, १० फेब्रुवारी
तयारी पूर्ण. एकूण चार व्हिडिओ. चारही जण पहिली गोष्ट एकच सांगतात: बॅकअप घ्या. घेतला. लेबलच्या प्रोग्रामवर क्लिक करून पेन ड्राइव्हवर कॉपी केला. दोन वर्षांचा सगळा डेटा एका सेकंदात कॉपी झाला. सुमेधा उगाच बाऊ करते. एक केबी.
मुहूर्त: गुरुवार, १३. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी. शेडवर चिटपाखरू नसतं. सदाशिव नाही, प्रश्न नाहीत. दोन तासांचं काम.
घरी सांगितलं, ग्रीसिंग करायचंय. पूनम म्हणाली, गुरुवारी? लग्नाला चोवीस वर्षं झाली, गुरुवारी तुम्ही अंथरुणातून दहाच्या आत उठला नाहीत. बायकोला उत्तर दिलं की वाढतं. दिलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी ९.४०
नारळ फोडला. हळद-कुंकू कॅबिनेटला लावलं, कीबोर्डला नाही. पासवर्ड सदाशिवच्या वहीत होता.
काम बघून हसू आलं. एका फाइलीत एक शब्द लिहिलेला आहे, तो खोडायचा आणि दुसरा लिहायचा. बाकी सगळं तो स्वतः करतो. एवढ्यासाठी लोक इंजिनिअर होतात!

१०.२०
एकोणीसशे बारा वस्तू उतरवून घेतोय. कॅबिनेटला कान लावून ऐकलं. आवाज एकसारखा. नव्या स्पिंडलसारखा. चिंता नाही.

१०.५०
मध्येच थांबून विचारतो, जुनी सेटिंग ठेवू की नवी घेऊ? नवी. परत विचारतो. नवी. सगळ्याला नवी. जुनंच ठेवायचं असतं तर नारळ कशाला फोडला असता?

११.०४
लाईट गेली.

११.१५
समोरच्या गोडाऊनचा वॉचमन खंडू बाहेर बसला होता. त्याला विचारलं. म्हणाला, शेठ, गुरुवारी लाईट जातीच की. मेंटेनन्स असतोय. अकराला जाती, चारला येती. समद्या पट्ट्याला ठावं हाय.
मला ठावं नव्हतं. चौदा वर्षं गुरुवारी मी इथं आलोच नाही, तर गुरुवारी इथं काय असतं हे कळणार कसं?
यूपीएसची बॅटरी दिवाळीला गेली. सदाशिवनं नवीन मागणारी चिठ्ठी दोनदा लिहून दिली होती. दोन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये सापडल्या, एकावर एक, व्यवस्थित ठेवलेल्या.

संध्याकाळी ४.२०
लाईट आली. स्क्रीन काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. पहिल्या ओळीतला एक शब्द लगेच कळला: इमर्जन्सी.
पूनमला सांगितलं, ग्रीसिंग छान झालं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सदाशिवनं चष्मा लावला, स्क्रीन बघितला, चष्मा काढला. म्हणाला, शेठ, काल येऊन गेलात का? मी म्हणालो, रुटीन होतं. कॅबिनेटवरचं कुंकू त्यानं रुमालानं पुसलं. 
पेन ड्राइव्ह लावला. बॅकअप म्हणून जे कॉपी झालं होतं ते लेबलच्या प्रोग्रामचं चित्र निघालं. डेस्कटॉपवर असतं ते, बोटाएवढं. चित्र मात्र व्यवस्थित कॉपी झालं होतं.
अण्णासाहेबांचा टेम्पो अकराला येतो. लेबल नाही तर माल नाही. स्केच पेन मागवले आणि चौऱ्याऐंशी क्रेटवर मी आणि सदाशिवनं हातानं लेबलं लिहिली. माझं अक्षर मोठं आहे. दुपारी अण्णासाहेबांच्या स्टोअरमधून फोन. चिमाजीशेठ, बुश पाठवलेत का लग्नाचा आहेर? नावं घालून दिलीत म्हणून विचारतो. मागं हसण्याचा आवाज होता. मी मोजला. तीन माणसं.
सुमेधाला सांगायचं नाही. मीच बिघडवलं, मीच नीट करणार. आयुष्यभर असंच शिकलो.

शनिवार, १५ फेब्रुवारी
मोबाईलवर व्हिडिओ, समोर काळा स्क्रीन. माणूस सांगतो ते टाईप केलं. एकच्या सुमारास चित्र आलं! रंग सुंदर. कडा गोल. पण माऊस हलेना. तीनला माऊस हलला. मग प्रिंटर सापडेना.
प्रगती आहे. रोज एक गोष्ट जमली तरी २१ पर्यंत सहा गोष्टी होतात.

रविवार, १६ फेब्रुवारी
पूनमनं सुमेधाला फोन केला. कुणी सांगितला होता? म्हणाली, तुम्ही झोपेत येस-येस म्हणत होतात.
सुमेधा वाकडवरून आली. सुट्टीचा दिवस, त्यात कांद्याचे ट्रक, चाकण चौकात पाऊण तास उभी होती म्हणे. मला वाटलं हसेल. हसली नाही. ते जास्त लागलं. पाच तास बसली. अर्धवट राहिलेलं अपग्रेड पूर्ण केलं, प्रिंटर चालू केला. जुन्या नोंदी डिस्कवर शाबूत होत्या. देवाची कृपा. ती म्हणाली, देवाची नाही, मी नोंदी वेगळ्या जागी ठेवल्या होत्या. तुमच्यासाठीच.
मग म्हणाली, मामा, आता मी सगळं पुसून स्टेबल परत टाकते. अजून चार तास लागतील, पण ऑडिटला बिनघोर बसाल. मी म्हणालो, चालतंय ना? म्हणाली, आज चालतंय. मी म्हणालो, मग राहू दे. एवढं घडवून आणलंय ते पुसायचं? अण्णासाहेब विचारतील तर सांगायला काही हवं.
तिनं बॅग आवरली. म्हणाली, चारही मशीन एकदम चालू असली तरी कुठलं कुरकुरतंय ते तुम्हाला कळतं. मी समोर बसून मराठीत सांगतेय, ते नाही ऐकू येत.
आईवर गेलीय. माझी बहीण अशीच बोलते.
जाताना सांगितलं, या व्हर्जनमध्ये रोज नवीन काही ना काही येत राहील. ऑडिट होईपर्यंत काही दाबू नका. पूनमनं डब्यात थालीपीठ दिलं. मी शब्द दिला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
सकाळी स्क्रीनवर: एकशे चाळीस नवीन अपडेट तयार आहेत.
एकशे चाळीस! जगात कुठं कुठं माणसं रात्रभर जागून काम करतात आणि सकाळी ते कुरुळीत येऊन उभं राहतं. परत पाठवायचं? दाबलं. काही झालं नाही. लेबलं सरळ आली.

बुधवार, १९ फेब्रुवारी
सत्त्याऐंशी अपडेट. दाबलं. झाडांना पाणी घातल्यासारखं वाटतं.
सदाशिव चेंज नोटचा कागद घेऊन आला. हा नियम माझाच: माणूस, मशीन, माल, पद्धत, चारपैकी काहीही बदललं तरी आधी कागद भरायचा, मग बदलायचं. मागं एकानं ड्रिल दुसऱ्या कंपनीचं लावलं आणि कागद भरला नाही, तर मी पूर्ण शिफ्ट बोलत होतो. सदाशिव म्हणाला, कॉम्प्युटरचं व्हर्जन बदललंय, भरायचा का? मी म्हणालो, कॉम्प्युटर म्हणजे मशीन आहे का? धातूची चिप निघते का त्याच्यातून? कागद घेऊन गेला.
फ्लोअर पाहिला. तेलाचा थेंब नाही. गेजेसची तपासणी तारखेत. यावेळी लेबलवर माझं नाव आलंच समजा. सदाशिवकडून एक नमुना छापून घेतला. नाव जरा डावीकडं सरकलंय, पण माझंच आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी. घरी
सुमेधाचा मेसेज: मामा, उद्यापर्यंत कशालाही हात नको, प्लीज. मी अंगठा पाठवला.
हाताला काम नाही. मिक्सर खोलून साफ केला. पूनम म्हणाली, बिघडला होता का? नव्हता. आता आहे.
संध्याकाळी तिनं चटणी पाट्यावर वाटली, दार उघडं ठेवून.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. सकाळी ७.३५
ऑडिट दहाला. स्क्रीनवर त्रेसष्ट अपडेट पेंडिंग.
विचार केला. शब्द दिलाय. पण पाहुणे यायचे आणि टेबलावर धूळ ठेवायची? ऑडिटर म्हणेल, पेंडिंग का? पेंडिंग हा शब्द ऑडिटमध्ये वाईट दिसतो. आणि परवापर्यंत दोनशे सत्तावीस घातले, काय झालं?
दाबलं.

८.५०
लेबलचा प्रोग्राम उघडत नाही. चित्र दिसतं. त्याच्यावर क्लिक केलं की एक छोटी खिडकी येते आणि लाजून परत जाते.

९.१५
सुमेधाचा फोन लागत नाही. मीटिंगमध्ये असेल. सदाशिव हात मागं बांधून उभा आहे. मी म्हणालो, बस की. म्हणाला, बसून काय करू?

दुपारी ३.३०
झालं. जसं झालं तसं लिहितो.
ऑडिटर आम्रपाली मॅडम. तिशीच्या आतबाहेर. स्वतःचे सेफ्टी शूज घालून आल्या. वडील पिंपरीत फिटर होते म्हणाल्या, मी मनात म्हटलं, म्हणजे आपल्यातल्याच. फ्लोअरवर फिरताना मी सहज थांबलो आणि म्हणालो, मॅडम, दोन नंबरची टिप अजून वीस-पंचवीस पीस काढेल, मग जाईल. त्या हसल्या. फेरी मारून आलो, ऑपरेटरनं चोविसाव्या पीसला थांबवलं होतं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. माझी छाती चार इंच पुढं.
गेज, ड्रॉइंग, मालाची साठवण, सगळं ओके. साडेअकरापर्यंत एक शेरा नाही.
मग एका क्रेटवरचं लेबल वाचून म्हणाल्या, या लॉटची नोंद दाखवा. पाच मिनिटं.
सदाशिव बसला. क्लिक केलं. खिडकी आली आणि गेली. परत क्लिक. आली, गेली. मॅडमनी घड्याळ बघितलं. मी म्हणालो, सिस्टीम लेटेस्ट आहे ना, थोडी घाईत असते. चौथ्या मिनिटाला मी सदाशिवला सरकवून स्वतः बसलो. पाचव्याला मॅडम म्हणाल्या, राहू द्या.
विचारलं, गेल्या महिन्यात हे चालत होतं?
चालत होतं म्हणालो.
मग बदललं काय?
आता इथं खोटं बोलायला पाहिजे होतं. पण त्या क्षणी मला वाटलं, सांगावं, यांना कौतुक वाटेल. स्टेबलवरून थेट डेव्हलपमेंट व्हर्जनवर गेलोय म्हणालो. स्वतः केलं. जिल्ह्यात कुणाकडे नसेल.
त्या म्हणाल्या, चेंज नोट दाखवा.
सदाशिव जमिनीकडं बघत होता. मी म्हणालो, मॅडम, कॉम्प्युटर काही मशीन नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, बरं. मग काय आहे? माणूस, माल की पद्धत?
मागं चारही मशीन चालू होती. पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज नको झाला.
निकाल जागेवरच दिला. मशीनिंग उत्तम, नोंदी दाखवता येत नाहीत. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पुन्हा ऑडिट. तोपर्यंत माल अण्णासाहेबांच्या नावानंच जाईल. जाताना चहा घेतला. म्हणाल्या, तुमचे कान खरंच भारी आहेत, काका.
काका!

रविवार, २३ फेब्रुवारी
सुमेधानं सगळं पुसून स्टेबल टाकलं.  तिची बांधाबांध चालू असताना मी म्हणालो, व्हर्जन मात्र चांगलं होतं, माझ्या हातात अजून थोडे दिवस पाहिजे होते. ती म्हणाली, मामा, ते कुठं जात नाही. घासूनपुसून तेच स्टेबल होतं. ऑगस्टच्या आसपास आपोआप येईल, मीच टाकून देईन. तुम्हाला फक्त बसून राहायचं होतं.
एवढं एकच काम मला कधी कुणी शिकवलं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
ऑडिटचा फॉर्म आलाय. पाच वेळा "का" विचारायचं आणि मूळ कारण शोधायचं. दुसऱ्यांकडून मी असे शंभर भरून घेतले असतील.
पहिला भरला: ऑपरेटरचं दुर्लक्ष. मॅडमचा फोन: ऑपरेटर कोण? परत.
दुसरा भरला: लाईट गेली. मॅडम म्हणाल्या, लाईट तेराला गेली, प्रोग्राम एकवीसला बंद पडला. परत.
तिसरा: कॉम्प्युटर उत्पादकाचा दोष. फोनसुद्धा आला नाही. परत.
मग सदाशिवला म्हणालो, तूच भर.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. सकाळी ११
सदाशिवचा फॉर्म पहिल्या फटक्यात मंजूर. वाचला.
प्रोग्राम का बंद पडला? अपडेट केलं म्हणून. का केलं? दिसलं म्हणून. दिसलं की का केलं? हात रिकामा होता. तिथं बसायचं काम होतं का? नव्हतं. मग का बसले? पाचव्या उत्तरात फक्त दोन शब्द: मालक आहेत.
उपाय: कॉम्प्युटर वापरण्याची परवानगी असलेल्यांची यादी. सदाशिव. सुमेधा, बाहेरील तज्ज्ञ. चिमाजी, फक्त बघणे.
यादीवर मालकाची मंजुरी लागते. सदाशिव कागद आणि पेन समोर धरून उभा. म्हणाला, शेठ, टेम्पो आलाय, लवकर. बाहेर अण्णासाहेबांचा ड्रायव्हर हॉर्न देत होता.
दोनदा वाचली आणि सही केली. माझ्या सहीशिवाय मला बंदी घालता येत नाही, एवढा मान या शेडमध्ये मला अजून आहे.